साठीनंतरच्या डोंगरवाटेची तयारी, उतारासकट

साठी ओलांडल्यावर अनेक दिवसांची डोंगरातली पदभ्रमंती किंवा डोंगरवाटेवरची लांब पल्ल्याची शर्यत ठरवली असेल, तर तयारीसाठी किमान चार महिने हाताशी ठेवावेत. या वयातही शरीर व्यायामाला उत्तम प्रतिसाद देते. मात्र कठीण दिवसानंतर स्नायू सावरायला अधिक वेळ लागतो आणि घाई केली तर पहिली दुखापतच सारे वेळापत्रक ठरवू लागते.

सुरुवात डॉक्टरांपासून करावी. रक्तदाब, ईसीजी आणि त्यांना गरज वाटल्यास ट्रेडमिल चाचणी एवढे तर झालेच पाहिजे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्यासमोर ठेवून, दिवसभर घाम गाळायचा असताना यांतले काय, कधी आणि किती घ्यायचे, हे स्पष्ट विचारून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार लवकर घटतात. बीटा-ब्लॉकर, म्हणजे रक्तदाब किंवा हृदयविकारासाठीच्या ठोके मंदावणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यांची नाडी कष्टाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवर त्यांनी विसंबू नये. तसे पाहिले तर हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके सांगणारे 220 वजा वय हे सूत्र कोणीच फार मनावर घेऊ नये. ते 65 व्या वर्षी 155 ठोके सांगते, 2001 मध्ये मांडलेले 208 वजा वयाच्या 0.7 पट हे सूत्र सुमारे 162 सांगते आणि प्रत्यक्षातली व्यक्ती दोहोंपासून दहा-पंधरा ठोके सहज दूर असू शकते. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा निकष पुरेसा आहे. दम वाढवण्याबद्दल अधिक काही सांगायची गरज नाही. आठवड्यातून चार दिवस चालावे, त्यांतला एक दिवस लांबचा असावा.

आता उतार. गेल्या वेळी माझ्या तयारीत नेमका तोच नव्हता. चढ व्यवस्थित पार पडला आणि परतीच्या वाटेवर मांड्यांनी साथ सोडली. चढासाठी आपण महिनोन् महिने झटतो आणि उतार आपोआप होईल असे धरून चालतो, ही समजूत साठीनंतर फार महागात पडते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून प्रत्येक पावलाला शरीराचा भार रोखून धरतात. या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही आणि धाप लागत नाही म्हणून धोक्याची सूचनाही मिळत नाही. दरम्यान स्नायूंचे तंतू सूक्ष्म पातळीवर दुखावत जातात आणि त्यांची ताकद तिथल्या तिथे घटते. त्यात वयानुसार झपाट्याने काम करणारे तंतू आधी कमी होतात. ठेच लागल्यावर तोल सावरणारे पाऊल झटकन पुढे टाकण्यासाठी हेच तंतू लागतात. जपानचे युइचिरो मिउरा 2013 मध्ये वयाच्या 80 व्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. उतरताना मात्र सुमारे 6500 मीटरवरच्या दुसऱ्या तळापासून खालचा टप्पा त्यांनी हेलिकॉप्टरने पार केला. ज्यांची तयारी आयुष्यभराची, त्यांच्याही बाबतीत खाली येणे हे वेगळे काम ठरते.

दिलासा इतकाच की उताराचा थोडासा सरावही स्नायूंना पुढचे काही आठवडे संरक्षण देतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा केवळ उतरण्यासाठी वेळ काढावा. डोंगर जवळ नसेल तर उंच इमारतीत लिफ्टने वर जावे आणि जिन्याने खाली यावे. आरंभी दहा मिनिटे, पुढे हळूहळू वाढवत पाऊण तास, शेवटच्या महिन्यात पाठीवर प्रवासातल्याइतके वजन घेऊन. घरी पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत खाली टेकवण्याचा व्यायाम करावा. त्यानंतर किमान दोन दिवस पायांना जड काम देऊ नये. ट्रेडमिलचा चढ वाढवून हे साधत नाही. सायकलनेही साधत नाही. उतार उतरूनच तयार होतो.

जोर आणि तोल यांना वेगळा वेळ द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षे आणि त्यापुढील व्यक्तींसाठी स्नायूबळाचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोल व बळ यांवर भर देणारे व्यायाम किमान तीन दिवस सांगितले आहेत. केवळ चालण्यावर भागवणाऱ्यांनी हे नीट वाचावे. प्रथिने दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम असावीत आणि ती सगळ्या जेवणांत विभागलेली असावीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

साहित्यातही उताराचाच विचार आधी करावा. बुटांची पारख उतारावर करावी, कारण बोटे पुढे सरकून नखांना इजा तिथेच होते. दोन काठ्या घ्याव्यात आणि खाली येताना त्यांची लांबी थोडी वाढवावी. द्विनाभी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी चालण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. भिंगाचा खालचा भाग जवळच्या वाचनासाठी असल्यामुळे उतरताना नेमकी पुढची पायरीच धूसर दिसते. याकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही.

वयानुसार तहान उशिरा जाणवते, म्हणून पाण्याचा अंदाज आधीच बांधावा. लांबच्या सरावापूर्वी आणि नंतर वजन करावे; घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाण्याची तूट. मात्र भीतीपोटी पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि तेही तितकेच घातक आहे. गुडघे दुखतात म्हणून वाटेत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, कारण पाणी घटलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो. उष्ण हवामानात जायचे असेल तर शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे द्यावेत. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे.

शेवटचे दोन आठवडे सराव कमी करावा. जड उतार तर पूर्ण बंद. हेडलॅम्प, गोळ्यांचा जादा साठा, कोरडे मोजे. झोप.

चालण्याच्या दिवशी वेळ आणि खाणे दोन्ही परतीसाठी राखून ठेवावे. माथ्यावर पोहोचल्यावर भूक नसली तरी खावे, काठ्या लांब कराव्यात, चष्मा बदलावा आणि मगच उतरायला लागावे. पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले.

परतल्यावर दोन-तीन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे, सपाटीवर थोडे चालत राहावे. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.