टेलिग्राम चॅनेल आणि अडकलेलं कमिशन

माझ्या टेलिग्राम चॅनेलवर मी स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या ऑफर टाकतो. सोबत एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या लिंक असतात; त्यांवरून कोणी खरेदी केली की कंपनी मला कमिशन देते. एक दिवस कंपनीकडच्या माझ्या खात्यावर नोटीस आली आणि महिन्याचं कमिशन अडकलं. आधी कंपनीवर चिडलो. मग अटी, खरं सांगायचं तर पहिल्यांदाच, नीट वाचल्या.

चुका माझ्याच होत्या. खात्यात फक्त ब्लॉग नोंदवला होता, चॅनेल नाही. लिंक शॉर्टनरने छोट्या केलेल्या, त्यामुळे क्लिक कुठून येतात ते कंपनीला दिसत नव्हतं. आणि मेसेजमध्ये हाताने टाइप केलेली किंमत संध्याकाळपर्यंत शिळी होई.

चॅनेल सार्वजनिक करून नोंदवलं, मूळ लिंक ठेवल्या, किमती काढल्या. ‘जाहिरात: खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं’ ही ओळ प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला टाकली. ती फक्त चॅनेलच्या वरच्या बाजूला पिन करून भागत नाही; मेसेज फॉरवर्ड झाला की पिन मागेच राहतो. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेनुसार असा खुलासा जाहिरातीच्याच भाषेत हवा, म्हणून मराठीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे!

सगळे स्क्रीनशॉट जोडून अपील केलं. खातं सुरू झालं. त्या महिन्याच्या कमिशनवर मात्र पाणी सोडावं लागलं.