लॉजचं परत आलेलं बिल शेवटी कसं मंजूर झालं

बदली झाली, क्वार्टर मिळेना, म्हणून कुटुंबासह तीन आठवडे लॉजवर काढले. खर्चाचा दावा लावला तर फाइल परत. शेरा एका ओळीचा: 'तपशील अपुरा'. कसला तपशील, ते आपणच ओळखायचं!

लेखा शाखेतल्या मॅडमनी बिलावर पेन्सिलीने गोल केला तेव्हा उलगडा झाला. लॉजवाल्याने सगळ्या दिवसांचं एकच ठोक बिल दिलं होतं. खोलीभाडं, जेवण, कपडेधुलाई सगळं एकात. आमच्या नियमात मर्यादा दिवसागणिक, मग ती तपासणार कशी? शिवाय पहिली रात्र मी प्रवासभत्त्यातही दाखवली होती. म्हणजे एकाच रात्रीचे पैसे दोनदा मागितलेले. चूक माझीच.

लॉजकडून तारीखवार बिल घेतलं, कर वेगळा दाखवून. दुबार रात्र वगळली. नव्या घराचा भाडेकरार जोडला, कारण मुक्काम तात्पुरता होता हे घराचा ताबा कधी मिळाला त्यावरूनच कळतं. त्या तारखेनंतरचे दोन दिवस मात्र कापले गेले. सामानाचा ट्रक उशिरा आला होता, पण ते तेव्हाच लेखी कळवायचं मला सुचलं नाही. बाकी रक्कम पुढच्या पगाराबरोबर जमा झाली.