बाळाच्या स्वभावाची प्रश्नावली मराठी घरात कशी भरावी

तीन ते बारा महिन्यांच्या बाळाचा स्वभाव मोजण्यासाठी अनेक देशांत मानसशास्त्रज्ञ मारिया गार्टस्टीन आणि मेरी रॉथबार्ट यांची २००३ची सुधारित प्रश्नावली वापरतात. पूर्ण प्रश्नावलीत १९१ प्रश्न, मधलीत ९१, सर्वांत छोटीत ३७. ती अमेरिकी घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली, त्यामुळे आपल्याकडे भरताना एक घोटाळा हमखास होतो.

उत्तरं १ (कधीच नाही) ते ७ (नेहमी) अशी असतात आणि शेवटी 'लागू नाही'. कार सीटमध्ये ठेवल्यावर बाळ हातपाय झाडतं का, असा प्रश्न येतो. मांडीवर बसून रिक्षाने फिरणाऱ्या बाळाला कार सीट माहीतच नाही. तिथे 'लागू नाही' लिहा, १ नको. समजा, हालचालीच्या पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्नांना ५, ४, ५ मिळाले आणि दोन लागू नव्हते. सरासरी १४ भागिले ३, म्हणजे ४.७. त्या दोन प्रश्नांना १ दिलात तर १६ भागिले ५, म्हणजे ३.२. चुळबुळं बाळ कागदावर शांत होऊन बसतं! देशादेशांची तुलना फसते ती अशाच ठिकाणी.

बहुतेक प्रश्न मागच्या सात दिवसांबद्दल आहेत. शेजारच्या बाळाशी तुलना नको, घडलं तेवढंच लिहा. मालिश-अंघोळ आजी करत असेल तर ते प्रश्न आजीलाच विचारा.

रडण्याची वेगळी नोंद ठेवा: किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती मिनिटं. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या कुंग लोकांची बाळं पाश्चात्त्य बाळांइतक्याच वेळा रडत, पण थोडाच वेळ. ती दिवसभर अंगाशी असत आणि तासाला कित्येकदा दूध पीत. नुसती मिनिटं मोजली तर संगोपनाचा परिणाम स्वभावाच्या खात्यात जातो.

सगळंच संगोपनाचं असतं असंही नाही. १९६९मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीडमन यांनी नवजात बाळांच्या नाकावर क्षणभर कापड धरून पाहिलं. चिनी-अमेरिकी बाळं बहुधा निवांत राहिली, गोरी बाळं धडपडली. पण ही गटांची गोष्ट आहे. 'आपली बाळं अशीच' म्हणून स्वतःच्या बाळाचा आकडा ठरवू नका.

लस, ताप किंवा परदेशातून सुट्टीवर आल्यानंतरच्या आठवड्यात प्रश्नावली भरू नका. झोप पूर्ववत झाल्यावर सात दिवस जाऊ द्या.