नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीत नवीन आलात? घराचं काम काढण्याआधी हे वाचा

पाटण, जावळी, कराडकडची माणसं आजही इथे येतात, माथाडीत नाहीतर एपीएमसी मार्केटात कामाला लागतात आणि पहिल्यांदा खोलीचं भाडं, डिपॉझिट, पोरांची शाळा विचारतात. ते कुणीही सांगेल. कचऱ्याचं कुणी सांगत नाही. दंडाची पावती हातात पडली की मग फोन येतो, म्हणून हे लिहितोय.

रोजच्या कचऱ्याचं थोडक्यात: ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं तिसरीकडे. डायपर, पॅड कागदात गुंडाळून द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच हे वर्गीकरण घरात करणं बंधनकारक केलं. घंटागाडी चुकली तर पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत घरात ठेवा. गल्लीच्या कोपऱ्यावर एकाने ठेवली की संध्याकाळपर्यंत ढीग लागतो आणि कुत्री तो गल्लीभर ओढतात.

भाजीची किंवा वडापावची गाडी लावणार असाल तर प्लास्टिकच्या पातळ पिशव्या अजिबात ठेवू नका. राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पहिल्या वेळी ५ हजार दंड, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. गिऱ्हाईक पिशवी मागतं हे कारण पथकापुढे चालत नाही.

आता खरा विषय, डेब्रिजचा, म्हणजे तोडफोडीतून निघालेल्या विटा-मातीचा. आपल्या लोकांनी सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी संस्थेची, बैठी घरं घेतली, पोरं मोठी झाली की ती पाडून वर मजले चढवतात. नवीन आलेला माणूस निदान फरशी, मोरी तरी बदलतोच. कंत्राटदार म्हणतो, ‘डेब्रिजचं माझ्यावर सोडा.’ आपण सोडतो. रात्री टेंपो भरतो आणि खाडीकडे जातो.

आमच्या गल्लीत एका कुटुंबाचं असंच झालं. महापालिकेच्या भरारी पथकाने टेंपो पकडला, ड्रायव्हरने घराचा पत्ता सांगितला, कंत्राटदाराने फोन बंद केला. गावी विहिरीसाठी बाजूला काढलेले पैसे दंडात गेले. त्या घरच्या मालकाला टेंपो कुठे जातो हे खरंच माहीत नव्हतं. पण त्याने विचारलंही नव्हतं. पैसे मोजले की आपली जबाबदारी संपली, हा आपल्या लोकांचा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. तुमच्या घरातून निघालेली वीट योग्य जागी पोहोचेपर्यंत तुमचीच.

म्हणून काम सुरू होण्याआधी महापालिकेच्या आपल्या विभाग कार्यालयात जा. डेब्रिज कुठे, कसं द्यायचं, किती शुल्क भरायचं हे तिथे विचारा. महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प तुर्भ्याला आहे. ठाण्यात घर घेतलं असेल तर तिथला डायघरला. वाहतुकीचा खर्च कंत्राटात वेगळा लिहून घ्या, टेंपोच्या नंबरप्लेटचा फोटो काढा आणि माल उतरवल्याची पावती हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. कुणी फारच स्वस्तात फेरी मारायला तयार झाला तर समजा, तो तुर्भ्याला जाणार नाही.

कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडीत, भराव टाकणं हा तर गुन्हाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम आणि भराव नको, असं स्पष्ट सांगितलं. भराव पडला की भरतीचं पाणी आत येत नाही, झाडं वाळतात. दिवाळे, सारसोळे इथले कोळी बांधव याच खाडीवर जगत आलेत. बाहेरून आलेल्यांनी खाडी बुजवली, असं ते बोलतात तेव्हा मला राग येत नाही, लाज वाटते. ज्यांच्या गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्यांची उरलेली खाडी तरी आपण राखली पाहिजे.

निर्माल्य वाशीच्या पुलावरून पिशवीसकट खाली भिरकावण्याची सवयही गावाकडेच सोडून या. विसर्जन तलावांवर निर्माल्य कलश असतात, त्यात टाका. हार-फुलांतून दोरा आणि थर्माकोल आधी काढा.

डेब्रिजचा टेंपो रात्री खाडीकडे वळताना दिसला तर स्वतः आडवे जाऊ नका. या धंद्यातली माणसं अंगावर येतात. गाडीचा नंबर टिपा, जागा आणि वेळ लिहा आणि विभाग कार्यालयाला कळवा.