रस्त्यावरचा नाताळ आणि घरातला नाताळ : आई-बाबांना डिसेंबरात जर्मनीत बोलावताना

आई-बाबांना नाताळात बोलावणार असाल तर २२ डिसेंबरचं तिकीट काढू नका. "मला तेव्हाच सुट्टी असते" हे खरं असलं तरी काढू नका. जर्मनीत नाताळ रस्त्यावर दिसतो तो २३ तारखेपर्यंतच. २४ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानांची शटर खाली येतात आणि सगळा सण दारांच्या आड जातो. २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी. २०२६ मध्ये २५ डिसेंबरला शुक्रवार आहे, म्हणजे पाठोपाठ रविवार २७, आणि रविवारी इथे दुकानं बंदच असतात. सलग तीन दिवस दुकानं बंद, बाहेर सुनसान, साडेचारला अंधार. सांगलीहून हौसेनं आलेले बाबा खिडकीत उभे राहून विचारणार, "सण इथेच आहे ना गं?"

मी स्टुटगार्टला राहते, त्यामुळे पुढचं सगळं या भागातलं. हँबुर्ग-बर्लिनकडे थोडा फरक पडेल, पण मूळ हिशेब तोच : रस्त्यावरचा नाताळ आधी दाखवायचा, घरातला आपण उभा करायचा.

तर आई-बाबांना आणा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेव्हा संक्रांतीपर्यंत ठेवून घेतलं तरी अडचण नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर त्याचा कागद इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यावा लागतो, आणि तिथली अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम. उन्हाळ्यातच मागे लागा. आरोग्यविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. रोजच्या गोळ्या मुक्कामापेक्षा थोड्या जास्तच आणायला सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

बॅगेबद्दल मात्र फोनवर शांतपणे आणि सविस्तर बोला, कारण आईची यादी तयारच असते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, बर्फी बाद. ताजी पानं-फळंही सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे कढीपत्ता, विड्याची पानं, आंब्याचा टहाळा घरीच ठेवायचा. नारळाला मात्र सूट आहे! अननस, केळी, खजूर आणि डुरियन यांच्यासोबत तो सुटीच्या यादीत बसलाय. आईला हे सांगितल्यावर ती तुपाचं दुःख विसरते. चिवडा, भडंग, चटण्या, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त येऊ द्या.

कपड्यांचं म्हणाल तर भारतातून जाडजूड कोट विकत घेऊन येऊ नका म्हणावं. आतून थर्मल, मग लोकरी, वर वारा अडवणारं जॅकेट, असे थर हवेत. घरात आणि ट्रेनमध्ये हीटर असतो, तिथे एकेक काढता आलं पाहिजे. साडीखाली थर्मल लेगिंग घातली की आईचा प्रश्न सुटतो. बूट मात्र इथेच, पायात घालून बघून घ्या, खालचा तळ खाचांचा. थंडीपेक्षा गोठलेल्या फूटपाथची भीती जास्त बाळगा. आणि बर्फ दिसेलच असं वचन देऊ नका. स्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगट जागेत आहे, डिसेंबरात बहुतेक वेळा नुसता पाऊस पडतो. बर्फच बघायचा हट्ट असेल तर ब्लॅक फॉरेस्टमधल्या फेल्डबर्गकडे जायचं, तो १,४९३ मीटर उंच आहे. तिथे शक्यता बरी.

खरा त्रास थंडीचा नाही, अंधाराचा. सकाळी सव्वाआठपर्यंत उजाडत नाही आणि साडेचारला मावळतं. त्यात भारताची वेळ साडेचार तास पुढे, म्हणजे पहिले काही दिवस बाबा पहाटे तीनला उठून चहा शोधणार. चहाचं सामान कुठे आहे ते आदल्या रात्री दाखवून ठेवा आणि मिक्सर सातच्या आत लावायचा नाही हेही सांगा. बाहेर पडायचं ते अकरा ते तीन या वेळात, रोज, पाऊस असला तरी. एक दिवस घरात बसले की दुसऱ्या दिवशी निघवत नाही.

आता बाजार. स्टुटगार्टच्या नाताळ बाजाराचा उल्लेख १६९२ पासून सापडतो. दुकानांच्या लाकडी छपरांवर केलेली सजावट ही त्याची खासियत, म्हणून चालताना वर बघायला सांगा. शनिवारी संध्याकाळी ज्येष्ठांना घेऊन अजिबात जाऊ नका, नुसती ढकलाढकली. आठवड्याच्या मधल्या दिवशी तीनला पोचायचं : उजेडात फिरायचं, साडेचारला दिवे लागलेले बघायचे, साडेपाचला परत. लोकल ट्रेननं एस्लिंगनला गेलात तर नाताळ बाजाराला लागूनच मध्ययुगीन बाजार भरतो, जुन्या वेषातले लोहार, दोरखंडवाले वगैरे. माझ्या मते आई-बाबांना तोच जास्त आवडतो, कारण तिथे काहीतरी घडताना दिसतं. स्टुटगार्टात नुसतंच विकत मिळतं.

गरम मसाल्याची वाइन कपात देतात, कपाची अनामत वेगळी घेतात. कप परत केला की पैसे परत, आवडला तर ठेवा. दारू नको असेल तर लहान मुलांसाठीचं गरम फळांचं पेय असतं, 'किंडरपुन्श'. मोठ्यांनी मागितलं तर कोणी हसत नाही. सुटे पैसे आणि नाणी जवळ हवीत, स्वच्छतागृहासाठी तर नक्की.

शाकाहारी माणसाला बाजारात उपाशी राहावं लागत नाही, फक्त विचारत राहावं लागतं. बटाट्याचा कीस तळून केलेली थालिपिठं सफरचंदाच्या सॉसबरोबर मिळतात, भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले बदाम, चीज घातलेल्या श्पेट्झले, म्हणजे इथल्या मऊ, अंडं घातलेल्या शेवया. लांबट बटाटा-शेवया कोबीबरोबर परततात त्यात बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. आणि इथला सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे श्वाबेन भागातलं बटाट्याचं सॅलड : अंडं नाही, मेयोनीज नाही, दिसायला अगदी सात्त्विक, पण ते मांसाच्या गरम स्टॉकमध्ये मुरवतात. कोणाच्या घरी गेलात तर आधीच सांगून ठेवा, लोक आनंदानं भाजीच्या स्टॉकमध्ये करतात. बाबांना एकटं दुकानात पाठवत असाल तर एक सूचना चिठ्ठीवर लिहूनच द्या : 'बुटरश्माल्त्स' म्हणजे जवळपास आपलं तूप, नुसतं 'श्माल्त्स' म्हणजे प्राण्याची चरबी, बहुतेकदा डुकराची.

शेजाऱ्यांबद्दल. नाताळच्या आधीच्या चार रविवारी इथे हिरव्या चक्राकार तोरणावरची एकेक मेणबत्ती लावतात. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरचा, चौथा २० डिसेंबरचा. ही प्रथा हँबुर्गच्या योहान हिनरिष विशर्न यांनी १८३९ मध्ये अनाथाश्रमातल्या मुलांसाठी सुरू केली, नाताळला किती दिवस उरले ते मुलांना कळावं म्हणून. या रविवारी दुपारी कॉफीला बोलावणं येऊ शकतं. वेळेवर जायचं. आपली पाचदहा मिनिटं इथे कोणी धरत नाही. २४च्या संध्याकाळी मात्र बोलावणं येण्याची वाट बघू नका आणि न आल्याचं वाईटही वाटून घेऊ नका, ती रात्र अगदी जवळच्या घरच्यांची.

डिसेंबरात शेजारच्या आजी घरी केलेल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून देतात. रिकामा डबा परत करायचा नाही हे आईला सांगावं लागत नाही. नानकटाई सर्वांत चांगली जाते, शंकरपाळी दुसऱ्या क्रमांकावर. भडंग देताना तिखटाची कल्पना द्या.

आता २४ तारीख. २०२६ मध्ये त्या दिवशी गुरुवार आहे आणि महिना मार्गशीर्षाचा. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे मार्गशीर्ष पुढे सरकून डिसेंबरच्या १० तारखेच्या आसपास सुरू होतो, तेव्हा २४ आणि ३१ हे दोन्ही दिवस आईच्या महालक्ष्मीच्या व्रताचे. बॅगेत कालनिर्णय घेऊन येणारी आई हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगेल. याला अडचण समजू नका. उलट संध्याकाळचा कार्यक्रम आयता ठरतो : घटाची पूजा, कहाणी, पुरणपोळीचा नैवेद्य, मग भेटवस्तू. इथेही भेटी २४च्या संध्याकाळीच उघडतात, २५च्या सकाळी नाही.

घटाला पाच प्रकारची पानं हवीत आणि झाडं तर ओकीबोकी. आयव्हीचा वेल, कुंपणाला लावतात तो चेरी-लॉरेल, काटेरी होली, फर आणि स्वयंपाकातल्या तमालपत्राच्या कुंडीची डहाळी, झाली पाच. चेरी-लॉरेल, आयव्ही आणि होली विषारी आहेत. पूजेपुरती ठीक, पण लहान मुलं आणि मांजरापासून लांब, आणि नैवेद्याच्या ताटात तर अजिबात नाही. कुंपण शेजाऱ्याचं असेल तर विचारून तोडा. विड्याची पानं श्रीलंकन तमिळांच्या दुकानात मिळतात, पण ती २३लाच आणून ठेवा. घरोघरी धूर ओळखणारे अलार्म असतात. धूप स्वयंपाकघरात, खिडकी उघडून. अलार्मवर पिशवी बांधणारे लोक मला माहीत आहेत, तसं करू नका.

पुरणासाठी डाळ-गूळ भारतीय दुकानातून आधीच्या शनिवारी, पोळीसाठी इथला ४०५ नंबरचा मैदा चांगला ताणतो. दूध, दही, भाजी, पाव २२लाच भरा; २३ला गाडगं रिकामं असल्यासारखी सगळं शहर खरेदी करतं.

आणि माणसं बोलवा. त्या संध्याकाळी घरी जायला जागा नसलेले खूप असतात : ऑक्टोबरात आलेले विद्यार्थी, नुकताच घटस्फोट झालेला ऑफिसातला जर्मन मित्र, आईवडील दूर असलेली तुर्की किंवा ब्राझिलियन मैत्रीण. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा आणि तो शाकाहारी असायचा, एवढं एकच बंधन. भेटींसाठी चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाला एकच नाव, दहा युरोंची मर्यादा. नाहीतर आई सगळ्यांसाठी साड्यांचे बटवे आणते आणि पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. भारतात फोन करायचा तो दुपारी दोनला, तिकडे साडेसहा वाजलेले असतात. भेटी उघडेपर्यंत थांबलात तर तिकडे सगळे झोपलेले. चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना सर्वांना खुली असते. गाणी ऐकायला बाबांना घेऊन जा, अर्धा तास आधी, नाहीतर उभं राहावं लागतं. गाणीबजावणी घरात रात्री दहानंतर नको, पुढचे सुट्टीचे दिवसही शांततेचेच मानतात.

२५-२६ला फिरायला जायचं, एवढंच. सगळे जर्मन तेच करतात. बाहेर जेवायचं तर टेबल खूप आधी राखा.

३१ला आमच्याकडे राक्लेट असतं : टेबलावर मधोमध शेगडी, छोट्या तव्यांत चीज वितळवायचं, उकडलेल्या बटाट्यावर ओतायचं. आईच्या उपासाचं पारणं आधी उरकून घ्या, मग ती हिरवी मिरची चिरून चीजवर पसरते आणि सगळ्यांना तेच हवं असतं. पारंपरिक राक्लेट चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट असतं. घरात कडक शाकाहारी असतील तर वेष्टनावर सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट लिहिलेलं शोधा. फटाके इथे वर्षाच्या शेवटच्या तीनच दिवशी विकतात, पण मध्यरात्री जे उडतात ते बघून दिवाळी मवाळ वाटते. खिडकीतूनच बघा. दारूच्या रिकाम्या बाटल्यांमधून रॉकेट सोडणाऱ्यांच्या जवळ ज्येष्ठांना नेऊ नये.

सहा जानेवारीला या राज्यात पुन्हा सुट्टी. त्याच्या आसपास राजांच्या वेषातली मुलं दारावर येतात, गाणं म्हणतात, गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि चौकटीवर खडूनं वर्ष आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहितात. आवडलं तर पुसू नका, वर्षभर राहतं. नाताळचं झाड याच सुमारास बाहेर काढतात. उचलायची तारीख नगरपालिकेच्या वेळापत्रकात असते, त्यावरची झिरमिळी आधी काढावी लागते.

आई-बाबांचं परतीचं तिकीट संक्रांतीनंतरचं काढलंत तर हळदीकुंकूही होतं. रथसप्तमीपर्यंत मुभा असल्यानं कामाच्या दिवशी धावपळ करायची गरज नाही, शनिवार धरा. वाण म्हणून नाताळनंतर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या मेणबत्त्या २८ तारखेलाच घेऊन ठेवा. तीळ तुर्की दुकानात स्वस्त मिळतात, चिक्कीचा गूळ मात्र इथे सापडत नाही, तो आईच्या बॅगेच्या यादीत तुपाच्या जागी लिहा.