वीटभट्टीवर कुटुंब अडकलंय असं कळलं तर: मुक्ती दाखला हातात पडेपर्यंत काय काय करायचं

सगळ्यात आधी एक सांगतो मग बाकीचं, पोलीस स्टेशनात बसून "मिटवून" टाकू नका. मालक येतो, शे-दोनशेच्या नोटांचं पुडकं काढतो, साहेब म्हणतात जाऊ द्या ना यांची बाकी सोडून देतायत, घेऊन जा त्यांना, आणि आपल्यालाही वाटतं चला सुटले बिचारे. सुटले नाहीत. मुक्ती दाखला, म्हणजे माणूस वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, हातात नाही म्हणजे कागदावर काही घडलंच नाही, पुढच्या गणपतीला तोच मुकादम परत त्याच पाड्यावर उभा राहणार आणि मालकाला एक दिवसाचीही शिक्षा नाही.

भिवंडी, शहापूर, मुरबाड, कल्याणचा ग्रामीण भाग, इकडे तळोजा-पनवेलच्या मागची बाजू, दिवाळी उरकली की या पट्ट्यात भट्ट्या लागतात आणि पाऊस पडेपर्यंत चालतात. राबणारी माणसं बरीचशी कातकरी (सरकारच्या भाषेत आदिम जमात), आपल्याच जिल्ह्यातली नाहीतर पालघर-रायगडची. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येऊन उचल देऊन जातो, कुणाला दवाखान्यासाठी, कुणाला लग्नासाठी, मग हंगामभर नवरा-बायको आणि हाताशी आलेली पोरं विटा पाडून ती फेडतात. आठवड्याला तेल-मिठापुरती खर्ची मिळते. हिशोब मालकाच्या वहीत, आणि हंगाम संपला की कशी कोण जाणे बाकीच निघते. ती बाकी फेडायला पुढचा हंगाम.

"त्यांनीच पैसे घेतलेत ना मग" हे वाक्य तुम्हाला सोसायटीतल्या शेजाऱ्यापासून ठाणे अंमलदारापर्यंत सगळे ऐकवतील, त्याचं उत्तर पाठ करून ठेवा. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा १९७६ चा आहे, वटहुकूम त्याच्याही आधी ऑक्टोबर १९७५ ला आला होता. उचल घेतली आणि त्याबदल्यात माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नाही, किंवा मोकळेपणी ये-जा करता येत नाही, किंवा मेहनतीचा बाजारभावाने मोबदला मागता येत नाही, किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागतं, यातली एक जरी गोष्ट असली तरी ती वेठबिगारी. साखळदंड लागत नाही, मारहाण लागत नाही, कोंडून ठेवलेलंही लागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८२ ला एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकाम कामगारांच्या केसमध्ये सांगून टाकलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशावर राबवणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. आणि महत्त्वाचं म्हणजे असं कर्ज कायद्यानेच रद्द झालेलं आहे, ते वसूल करणं हाच गुन्हा. कर्ज तसलं नाहीच हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ प्रमाणे पैसे देणाऱ्यावर, मजुरावर नाही. हे कलम प्रिंट काढून खिशात ठेवा, कामाला येतं.

मध्यंतरी एका ऑफिसात मला ऐकवलं की आता चार लेबर कोड (कामगार कायद्यांच्या नव्या संहिता) आलेत, जुने कायदे गेले. कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले हे खरं, पण १९७६ चा हा कायदा त्यात गुंडाळलेला नाही, तो तसाच जिवंत आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

भट्टीवर एकटे जाऊन मोबाईल काढून हिरोगिरी करू नका. तुम्ही घरी जाता, मार त्या कुटुंबाला बसतो आणि रातोरात टेम्पोत भरून त्यांना दुसऱ्या भट्टीवर टाकलं की शोधत बसा. माहिती पाड्यावरून काढा, म्हणजे त्यांच्या मूळ वाडीवर जे म्हातारे-कोतारे मागे राहिलेत त्यांच्याकडून, किंवा बाजाराच्या दिवशी ते खर्ची घेऊन सामानाला येतात तेव्हा. काय विचारायचं: उचल किती, कधी, कुणाच्या हातून घेतली. हजार विटांना काय भाव ठरला होता आणि काय देतात. आठवड्याची खर्ची किती. आजारी पडलं, मयतीला गावी जायचं म्हटलं तर सोडतात का, की बायको-पोरं मागे ठेवून जा म्हणतात (हा प्रश्न नक्की विचारा, पुष्कळदा सगळी केस याच उत्तरावर उभी राहते). आधार, रेशनकार्ड कुणाकडे आहे. मुलं किती वयाची, काय काम करतात, शाळा कधी सुटली. माणसं किती ते नावानिशी लिहा, तान्ह्या पोरासकट, कारण सुटका करायच्या दिवशी एखादं पोर मालकाच्या घरी भांडी घासायला पाठवलेलं असतं आणि राहून जातं. भट्टीचं लोकेशन गुगल मॅपवर पिन करून घ्या, भट्ट्यांना पाटी नसते.

आणि एक, त्या माणसांना विचारा त्यांना काय हवंय. काही जण म्हणतील हंगाम संपू दे, आत्ता नको. रागवू नका, पण दाखला म्हणजे काय, पैसे कधी मिळतात, किती वेळ लागतो हे खरं खरं सांगा आणि मग ठरू द्या. लहान मुलं राबत असतील किंवा मारहाण चालू असेल तर मात्र वाट बघायचा प्रश्न नाही, १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) लावा.

अर्ज कुठे करायचा यात लोकांचे दिवस जातात. वेठबिगारीचा मुख्य अधिकारी पोलीस नाही आणि कामगार खातंही नाही, तो आहे जिल्हाधिकारी आणि त्याच्या हाताखाली प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. भिवंडी आणि शहापूर तालुक्याला भिवंडीचे प्रांत, कल्याण-मुरबाडला कल्याणचे. नवी मुंबईत गोंधळ जास्त, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत महसूल ठाणे जिल्ह्याचा पण तळोजा-पनवेलला पोलीस नवी मुंबईचे आणि कलेक्टर रायगडचे म्हणजे अलिबागला, तिथे पनवेलच्या प्रांतांकडे जायचं. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात, पडघा, शहापूर, मुरबाड ठाणे ग्रामीणला. चुकीच्या दारात गेलात तर "आमच्याकडे येत नाही" ऐकून परत याल. अर्ज प्रांतांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत पोलिसांना, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, चौघांचा शिक्का आपल्या कॉपीवर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ईमेलही करा, तारीख वेळ आपोआप राहते.

अर्जात रडगाणं नको, एक पान पुरे. साधारण असं लिहा:

"विषय: वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा १९७६ च्या कलम १०, ११ व १२ अन्वये तातडीने चौकशी, मुक्तता व मुक्ती दाखला मिळणेबाबत. महोदय, मौजे अमुक येथील वीटभट्टीवर खाली नावे दिलेली इतकी माणसे इतक्या रुपयांच्या उचलीपोटी काम करत असून त्यांना किमान वेतन दिले जात नाही व भट्टी सोडून जाऊ दिले जात नाही. त्यात १४ वर्षांखालील इतकी मुले आहेत. सर्व कुटुंबे आदिम जमातीची आहेत. तरी आपण स्वतः अथवा आपल्या अधिकाऱ्यामार्फत स्थळभेट देऊन, मालक व मुकादम यांच्या गैरहजेरीत मजुरांचे जबाब नोंदवावेत."

"गैरहजेरीत" हा शब्द विसरू नका. शेठ खुर्ची टाकून समोर बसलेला असताना कोण बोलणार? तरी तसंच होतं, तलाठी येतो, शेठच चहा मागवतो, मजूर मान खाली घालून म्हणतात आमची काही तक्रार नाही, पंचनामा संपला. म्हणून स्थळभेटीच्या दिवशी तिथे हजर राहा, सोबत एखादी बाई कार्यकर्ती असू द्या, बायका बायकांशीच बोलतात, आणि जबाब भट्टीवर न घेता तहसीलला किंवा प्रांत ऑफिसला नेऊन घ्या म्हणून आग्रह धरा. जबाब कातकरी बोलीत सांगितलेला असतो आणि लिहिणारा सरकारी मराठीत उतरवतो, त्यात "उचल" चं "उसनवार" होतं आणि "सोडत नाही" चं "काम चालू आहे" होतं. सही-अंगठ्याआधी वाचून दाखवायला लावा. वही जप्त करा म्हणा, निदान पानांचे फोटो पंचनाम्यात आले पाहिजेत, कारण दुसऱ्या दिवशी नवीन कोरी करकरीत वही तयार असते, एकाच पेनाने लिहिलेली.

दाखला. प्रत्येक माणसाच्या नावाचा वेगळा, नवऱ्याच्या नावावर सगळं कुटुंब नाही. बायकोने तेवढ्याच विटा पाडल्यात, तिचा दाखला तिचा, आणि मुलांचे मुलांचे. यावर अडून बसा कारण पुढचे पैसे दाखल्यावरच ठरतात. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे, ती मिळायला खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. पूर्ण रक्कम पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलाला २ लाख, आणि तस्करी, लैंगिक शोषण असल्या भयंकर प्रकरणांत ३ लाख, पण ती शेवटी खटल्याशी जोडलेली आहे. म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असेल गोम कुठे आहे, खटला कमजोर केला की मालकही सुटतो आणि सरकारचे पैसेही वाचतात.

म्हणून गुन्हा नुसता १९७६ च्या कायद्याखाली नोंदवून घेऊ नका. त्यात शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं आणि दंड २ हजार (हो, दोन हजारच, १९७६ पासून तेवढाच), शिवाय जामीनपात्र, संध्याकाळी मालक घरी. मजूर आदिवासी असतील आणि मालक तसा नसेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(ह) मागा, वेठबिगारी तिथे सरळ शब्दांत गुन्हा आहे आणि अटकपूर्व जामीन नाही. पण कातकऱ्यांवर कातकरी मुकादम असेल तर त्याला ते लागत नाही, मालकाला लागतं, हे ध्यानात ठेवा. फसवून, दबावाने आणलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं १४३, मुलं असतील तर बाल न्याय कायद्याचं ७९. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तर लेखी तक्रार एसपी किंवा डीसीपींना, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. वकिलाचे पैसे लागत नाहीत, अनुसूचित जमातीचा माणूस, बाई, मूल आणि वेठबिगारीचा बळी, सगळ्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट, फोन १५१००.

आता फोन येतील, तुम्हाला. भट्टीवाला कधी स्वतः पंचायत समितीत असतो, कधी त्याचा मेव्हणा कुठल्याशा पक्षाचा तालुकाध्यक्ष, कधी सणाचे बॅनर त्याच्याच पैशाने लागलेले असतात. पहिला फोन गोड असतो, "आपलीच माणसं आहेत, बसून बोलू". तोंडी काही बोलू नका, जे सांगायचं ते प्रांतांना लेखी सांगा म्हणा आणि तो फोन कधी, कुणाचा आला ते त्याच दिवशी पुढच्या अर्जात एका ओळीत टाका. हे मी फार गंभीरपणे सांगतोय, फोन करणाऱ्याला कागदावर आपलं नाव आलेलं आवडत नाही, आणि अधिकारीही मग जरा जपून वागतो कारण फाईल उद्या कोण वाचेल सांगता येत नाही. एकट्याने लढायची गरज नाही, ठाणे-पालघर-रायगडात श्रमजीवी संघटना १९८० च्या दशकापासून हेच काम करतेय, त्यांच्या तालुक्याच्या माणसाला गाठा, प्रांत ऑफिसात त्यांचा चेहरा ओळखीचा असतो.

फाईल पडून राहिली की माहिती अधिकार. १० रुपयांत विचारा: जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या वेठबिगारी दक्षता समितीच्या मागच्या ३ वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्त, समितीवर अनुसूचित जाती-जमातीचे ३ आणि समाजकार्य करणारे २ सदस्य कोण आहेत, किती दाखले दिले, किती गुन्हे, किती शिक्षा. कायद्याने ही समिती असायलाच हवी. "बैठक झाली नाही" असं उत्तर आलं तरी ते सोन्याचं आहे, ते जोडून मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. माणसं अजून भट्टीवरच अडकलेली असतील तर अर्जावर वरच "जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित, ४८ तासांत माहिती द्यावी" लिहा, ३० दिवस थांबायची गरज नाही.

घरकामाला ठेवलेल्या मुलींचं वेगळं आहे, टॉवरमध्ये वॉचमनच्या पुढे कुणाला जाता येत नाही, तिथे बाकी काही न करता थेट १०९८. आणि मेंढ्यांमागे पाठवलेली मुलं, २०२२ मध्ये इगतपुरीच्या उभाडे पाड्यावरचं प्रकरण पेपरात आलं होतं, तसं कुठे ऐकलं तर मूल दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी झिरो एफआयआर आपल्या जवळच्या पोलीस स्टेशनला होते.

घरी पोचल्यावर लगेच जी कामं करायची ती अशी, दाखल्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून एक संच तुमच्याकडे ठेवा (पावसात खोपट गळतं आणि कागद जातात), प्रत्येकाचं स्वतःचं बँक खातं, बायकोचं बायकोच्या नावाने, पासबुक तिच्याच हातात. रेशनकार्ड अंत्योदय आहे का बघा, आदिम जमातीला ते मिळायलाच हवं. जातीचा दाखला नसेल तर प्रांत ऑफिसात आहात तोवरच अर्ज टाकून द्या, पीएम जनमनच्या (आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना) घरकुलालाही तोच लागतो. तातडीची मदत महिन्याभरात खात्यात आली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना स्मरणपत्र, आणि ते जूनच्या आत, कारण नंतर पाऊस लागतो, घरात दाणा संपतो, मुकादम येतो.