फाईल पिशवीतच राहू द्या

यवतमाळ जिल्ह्यात मुलांसोबत काम करायला लागले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, नुकतंच झालेलं, हातात नवी फाईल आणि बालपणीच्या आघाताबद्दल शिकलेलं सगळं तोंडपाठ. अंथरूण ओलं करणं, कारण नसताना पोट दुखणं, वर्गात गप्प बसणं नाहीतर एकदम अंगावर धावून जाणं, ही लक्षणं या कामात नव्यानं येणाऱ्या तुम्हीही शिकूनच येता. ती सांगत बसत नाही. मी जिथं फसले, तेवढंच सांगते.

घर कापूसवाल्याचं. वडिलांनी आत्महत्या केलेली, मुलगा आठ वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई म्हणाली, "पोट्टा वावरात येत नाही मॅडम. फवारणीचा पंप दिसला का पळते. म्या मारलं बी त्याले." मी तिथल्या तिथं, सासू आणि दिरासमोर, फाईल उघडून समजावलं: वडील गेल्याच्या धक्क्यानं असं होतं, मारल्यानं भीती वाढते, घरातलं वातावरण शांत पाहिजे. यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. पण त्या बाईला ऐकू आलं ते एवढंच, की नवरा हिच्यामुळं गेला आणि आता पोरगंही हिच्यामुळंच बिघडलं. सासूनं मान हलवली, ती मला आजही दिसते. पुढच्या दोन भेटींना दाराला कडी. तिसऱ्यांदा तिनं उंबऱ्यातूनच विचारलं, "तुमी बी चौकशीलेच येता ना?"

हे नीट समजून घ्या, कारण अशा घरी जाणाऱ्या तुम्ही पहिल्या नसता. आत्महत्येनंतर पोलीस येऊन गेलेले असतात, तलाठी येऊन गेलेला असतो. प्रकरण पात्र की अपात्र ते ठरायचं असतं, कारण सरकारची १ लाखाची मदत त्यावर अवलंबून. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज किती, दारू प्यायचे का, घरात भांडण झालं होतं का? येणारा प्रत्येक जण फाईल उघडतो, बाई तीच उत्तरं देते आणि लेकरू दाराआडून ऐकतं. त्याच दारात मी फाईल घेऊन उभी राहिले आणि 'घरातलं वातावरण' म्हणाले. तिनं दुसरं काय समजावं?

म्हणून पहिल्या भेटीत मुलाला काय झालंय ते समजावू नका. दुसऱ्या भेटीतही नाही. आधी तिची विचारपूस करा: झोप लागते का, जेवता का, रात्री सोबतीला कोण असतं. तेही सासूसमोर नाही, वावराच्या धुऱ्यावर, ती निंदण करून बसलेली असताना. तिला स्वतःलाच जगणं नकोसं झालंय असं वाटलं तर सरळ विचारा, तिच्याजवळ थांबा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर तिथूनच फोन लावून द्या. बालसंगोपन योजनेचा, म्हणजे महिन्याच्या २२५० रुपयांचा, अर्ज भरायला तिच्यासोबत जा. कागदपत्रांचं काम आपलं नाही म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. माझ्यावरचा विश्वास त्या रांगेतच बसला.

एका वरिष्ठांनी मला शिकवलं होतं, मुलाला एकदा सगळं बोलायला लावा, रडलं की मोकळं होतं. हे करू नका. घडलेलं खोदून काढणं आणि मन मोकळं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून तर अजिबातच करू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मात्र विश्वास बसेपर्यंत थांबायचं नसतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, घरचे हात जोडोत की पाया पडोत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

चुकलात तरी सगळं संपत नाही. मी फाईल पिशवीत ठेवून जात राहिले आणि दार उघडलं. दोनेक महिन्यांनी तिनंच विचारलं, "तो पंपालेच काऊन भेते?" तेव्हा सांगितलं, वडील गेले त्या दिवशी घरभर फवारणीच्या औषधाचा वास होता, तो वास आला की त्याच्यापुढं तोच दिवस उभा राहते, तो हट्ट करत नाही. ती बराच वेळ हातातलं कपाशीचं बोंड चुरगाळत राहिली. मग म्हणाली, "मले बी होते तसं."

पुढचं तिचं तिनंच ठरवलं. पंप घरात आणायचा नाही, शेजारच्या गोठ्यात ठेवायचा. फवारणीचे कपडे बाहेरच बदलायचे. आणि आदल्या रात्री त्याला सांगायचं. मी एकदा तिथं होते तेव्हा तिनं पोळी टाकता टाकता सांगितलं, "उद्या फवारणी हाय. तू मामाच्या घरी जाशीन का?"

त्यानं थोडा विचार केला. "जातो," म्हणाला. "पण तू आंग धुऊन मंग मले घ्याले येजो."